कोंबडी खतातील पोषणद्रव्यांचे व्यवस्थापन (सोलापूर जिल्हा)

व्यावसायिक कुक्कुटपालनातील विष्ठा आणि तिच्यात मिसळलेले लिटर (भाताचे तूस, लाकडाचा भुसा, भुईमुगाची टरफले) यांतील नत्र, स्फुरद व पालाश वाया न जाता पिकापर्यंत पोचवण्याची पद्धत. गादी पद्धतीच्या (शेडच्या जमिनीवर लिटरचा थर अंथरून कोंबड्या पाळण्याच्या) खतात ढोबळमानाने नत्र 3, स्फुरद 2.6 व पालाश 1.4 टक्के धरतात. अंड्यांवरच्या कोंबड्यांच्या खाद्यात शिंपले असल्याने त्यांच्या खतात कॅल्शियमही बरेच उतरते.

ताज्या विष्ठेतील बहुतांश नत्र यूरिक आम्लाच्या रूपात असते. ओल मिळाली की जिवाणू त्याचा युरिया आणि पुढे अमोनिया करतात; शेडमध्ये डोळे चुरचुरू लागले म्हणजे नत्र उडू लागले. लिटरचा ओलावा 20 ते 25 टक्के ठेवावा. मुठीत दाबून सोडलेले लिटर मोकळे झाले पाहिजे, गोळा टिकला तर ओल जास्त आहे. पाणी पिण्याच्या निपलखाली धरलेली खपली वेळीच उचलावी.

गादी पद्धत अमेरिकेत साधारणतः 1940 च्या दशकात रूढ झाली असे मानतात. लिटरवर चुना भुरभुरावा की सुपर फॉस्फेट, याबाबत दोन्ही मते आढळतात. चुन्याने लिटर कोरडे होते, पण सामू (pH) वाढून अमोनिया अधिक उडतो. सुपर फॉस्फेट आम्लधर्मी असून त्यातील जिप्सम अमोनियाला अमोनियम सल्फेटच्या रूपात धरून ठेवते. खतमूल्य राखायचे तर सुपर फॉस्फेट श्रेयस्कर. चुना लिटर काढल्यावर शेडच्या जमिनीला लावावा. मात्र सुपर फॉस्फेटने खतातील स्फुरद आणखी वाढते, आणि सोलापुरात कळीचा प्रश्न तोच आहे.

येथील काळ्या जमिनी बहुधा चुनखडीयुक्त, सामू 8 च्या आसपास किंवा वर. जादा स्फुरद कॅल्शियमबरोबर बांधला जातो, शिवाय आधीच कमी असलेले जस्त पिकाला मिळेनासे होते. म्हणून मात्रा नत्रावर नव्हे, स्फुरदावर ठरवावी. कोरडवाहू रब्बी ज्वारीला हेक्टरी नत्र 50 व स्फुरद 25 किलो धरल्यास 1 टन गादी-खतातच स्फुरद (26 किलो) भागतो. त्यातून येणाऱ्या 30 किलो नत्रापैकी काही भाग पहिल्या हंगामात लागू होत नाही. उणे राहिलेले नत्र युरियातून द्यावे. खत पसरल्यावर त्याच दिवशी कुळवाने मातीआड करावे, कारण अशा जमिनीवर उघडे राहिलेले खत झपाट्याने नत्र गमावते. कच्चे खत पेरणीच्या तोंडावर दिल्यास अमोनिया व क्षारांनी उगवण मारली जाते. कमी पावसात क्षार धुऊनही जात नाहीत.

पिंजऱ्याखालचे खत कुजवताना वाळल्या वजनाने एक भाग खताला दीड भाग उसाचे पाचट घेतल्यास कर्ब-नत्र गुणोत्तर 25 ते 30 च्या दरम्यान येते. ओलावा 50 ते 60 टक्के ठेवावा. ढीग 55 अंश सेल्सिअसच्या वर तापून उतरू लागला की पलटावा. डाळिंबाला असे कुजलेलेच खत द्यावे.