गुडघ्याची गोळी, बीपीची गोळी आणि मेडिकलवाला

"बीपीच्या गोळ्यांनी किडनी जाते" हे मुंबईत लोकलपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत इतक्या वेळा कानावर येतं की आता उत्तर द्यायचाही कंटाळा येतो. अहो उलटं आहे, बीपी वर्षानुवर्षं चढलेलं राहिलं की किडनी जाते. पण या अफवेला एक खरं शेपूट आहे आणि ते आपल्या गल्लीतल्या मेडिकलवाल्याच्या काउंटरवर दिसतं.

त्यासाठी जरा किडनीत शिरूया. प्रत्येक किडनीत साधारण 10 लाख सूक्ष्म गाळण्या असतात, नाव ग्लोमेरुलस. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला 180 लिटरच्या आसपास द्रव गाळतात, त्यातला जवळपास सगळा परत शोषला जातो, लघवी दीड-दोन लिटरच होते. आता गाळायला प्रेशर पाहिजे. गाळणीत रक्त आणणारी एक नळी, नेणारी दुसरी, बिल्डिंगच्या टाकीला आत येणारा नि बाहेर जाणारा कॉक असतो तसं. रक्ताचा पुरवठा कमी पडायला लागला की प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं आतला कॉक उघडा धरतात आणि अँजिओटेन्सिन बाहेरचा आवळतं, म्हणजे प्रेशर टिकतं.

टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी अँजिओटेन्सिनला अडवते, बाहेरचा कॉक सैल होतो. एरवी हे चांगलंच, गाळणीवरचा ताण उतरतो. सोबत लघवी वाढवणारी गोळी असेल तर शरीरातलं मीठ-पाणी कमी होतं, तेही ठीक. आणि मग गुडघा धरला म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन ही पेनकिलर सुरू होते. या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन बनूच देत नाहीत (अ‍ॅस्पिरिन हेच करते हे जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवलं, 1982 चं नोबेल त्यात वाटून मिळालं), म्हणजे आतला कॉक आवळला, बाहेरचा सैल, टाकीत पाणीच कमी. गाळणीतलं प्रेशर पडतं, रक्तात क्रिएटिनिन (किडनीने गाळून टाकायचा कचरा) चढतं. वय झालेलं, त्यात जुलाब नाहीतर ऑक्टोबरची उन्हं, मग तर फारच सांभाळायला हवं. तीन गोळ्यांच्या या तिहेरी फटक्याला डॉक्टर ट्रिपल व्हॅमी म्हणतात.

किडनी इतकी बिघडली नाही तरी पेनकिलरमुळे ती मीठ धरून ठेवते आणि बीपी काही पॉइंटनी वर जातं. डॉक्टरांना पेनकिलरचं कुणी सांगितलेलंच नसतं, त्यांना वाटतं डोस पुरत नाही, ते वाढवतात. अ‍ॅम्लोडिपिन या दुसऱ्या बीपीच्या गोळीचं काम पेनकिलरने त्यामानाने फारसं बिघडत नाही.

आता बघा, बीपीची गोळी फिजिशियनने लिहिली, गुडघ्याची शेजारच्या काकूंनी सुचवली, दोन्ही एकत्र कोण बघतं? मेडिकलवाला. महिन्याची स्ट्रिप न्यायला या वेळी कोण आलंच नाही हेही पहिल्यांदा त्यालाच कळतं. अ‍ॅम्लोडिपिन शरीरातून हळूहळू जाते, निम्मी व्हायलाच 30 ते 50 तास, त्यामुळे गोळी सोडली तरी दोन दिवस रीडिंग बरं येतं आणि माणूस म्हणतो, बघा, गरजच नव्हती! त्या बऱ्या रीडिंगचं श्रेय मग रुद्राक्षाच्या माळेला नाहीतर चुंबकाच्या कड्याला जातं.

2018 साली लॉस एंजेलिसमधल्या एका ट्रायलचे निकाल आले. फार्मासिस्ट चक्क कृष्णवर्णीय पुरुषांच्या सलूनमध्ये जाऊन बसले, गिऱ्हाइकांचं बीपी मोजलं, डॉक्टरांशी ठरवून औषधं बदलली. सहा महिन्यांत वरचं बीपी सरासरी 27 ने उतरलं, आणि ज्यांना फक्त सल्ला देऊन डॉक्टरांकडे पाठवलं त्यांचं 9 ने. इंग्लंडमध्येही 2021 पासून फार्मसीत चाळिशीपुढच्यांचं बीपी तपासतात.

आपल्याकडे फार्मासिस्टला औषध बदलायचा अधिकार नाही आणि तो लगेच द्यावा असं मी म्हणणारही नाही, कारण बऱ्याच काउंटरवर फार्मासिस्ट नसतोच, सर्टिफिकेट फ्रेममध्ये आणि गोळ्या देतो तो नुकताच लागलेला पोरगा. पण पेशंटला औषध समजावून सांगणं 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये आहेच. "काका, बीपीची गोळी चालू आहे ना, मग ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको" एवढं बोलायला मशीनही लागत नाही. अर्थात संध्याकाळी सातला दादर स्टेशनबाहेरच्या दुकानात मागे दहा जण हात पुढे करून उभे असताना तो बोलणार कधी हा प्रश्न आहेच, आणि आता तर बीपीच्या गोळ्या डिस्काउंटसाठी अ‍ॅपवरून येतात नि पेनकिलर खालच्या दुकानातून, म्हणजे दोन्ही गोळ्या एकत्र बघणारा तोही उरला नाही.