फैजपूरचा मांडव आणि एकविसावे कलम

जून २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातले शिवसेनेचे चारही आमदार एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले आणि ‘व्हिप’ (आमदाराने पक्ष सांगेल तसेच मत द्यावे, हा आदेश) हा शब्द इथल्या चहाच्या टपऱ्यांवर येऊन बसला. अपात्रतेच्या सोळा जणांच्या यादीत चौघांपैकी एरंडोलचे चिमणराव पाटील आणि चोपड्याच्या लता सोनवणे होत्या. गद्दारी की स्वातंत्र्य, यावर भांडून झाले. पण पक्षात राहून माणसाने किती मोकळे असावे, याचे एक उत्तर फार आधी स्वतंत्र पक्ष नावाच्या एका उजव्या पक्षाने कागदावर लिहून ठेवले होते. त्या कागदाची वाट फैजपुरातून जाते, हे खुद्द फैजपूरच्या आसपासही फारसे कुणी सांगत नाही.

डिसेंबर १९३६. पूर्व खानदेशातल्या यावल तालुक्यात, फैजपूरला काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले. धनाजी नाना चौधरींनी ते अंगावर घेतले, चित्रकार नंदलाल बोस यांनी अधिवेशनाची जागा, टिळकनगर, सजवली, अध्यक्ष नेहरू होते. आमच्याकडे गोष्ट निघाली की मांडवाचे वर्णनच तासभर चालते आणि ठरावापर्यंत कुणी पोचत नाही. ठराव होता शेतीचा: सारा आणि खंड कमी करा, कर्जवसुली थांबवा, मजुराला पोटापुरती मजुरी मिळू द्या. त्यातच एक कलम होते, सहकारी शेतीचा प्रयत्न करून पाहावा.

त्याच दिवसांत फैजपूरलाच किसान सभेचेही अधिवेशन झाले. शेतकऱ्यांचा जथा मनमाडहून पायी आला होता. त्या सभेचे अध्यक्ष होते आंध्रचे एन. जी. रंगा.

तेवीस वर्षांनी हेच रंगा स्वतंत्र पक्षाचे अध्यक्ष झाले. निमित्त जानेवारी १९५९ चा काँग्रेसचा नागपूर ठराव. त्याचा अर्थ असा की मालकी कागदावर शेतकऱ्याचीच राहील, पण जमिनी एकत्र करून कसायच्या आणि उत्पन्नाचा वाटा जमिनीच्या प्रमाणात घ्यायचा. उत्तर प्रदेशातले शेतकरी नेते चरणसिंह यांनी काँग्रेसमध्ये राहून विरोध केला, रंगांनी काँग्रेसच सोडली. त्याच वर्षी ऐंशीच्या घरातले राजाजी (चक्रवर्ती राजगोपालाचारी), एके काळचे समाजवादी मिनू मसानी, कन्हैयालाल मुन्शी आणि रंगा यांनी नवा पक्ष उभा केला. रंगा फिरले, असे म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. कसणारा हाच जमिनीचा धनी, हे त्यांचे म्हणणे १९३६ ला जमीनदाराच्या विरुद्ध होते, १९५९ ला सरकारच्या.

या पक्षाने एकवीस तत्त्वे जाहीर केली. वीस तत्त्वे बहुतेक सरकारने कशात हात घालू नये, याची होती. एकविसावे कलम सरळ पक्षाच्याच हाताला आवर घालणारे होते: या तत्त्वांच्या बाहेरच्या सगळ्या प्रश्नांवर सदस्याला पूर्ण मोकळीक. आपल्याकडे पक्ष एवढे सोडतात कुठे!

अर्थात ही नुसती उदारता नव्हती, गरजही होती. राजाजी कट्टर दारूबंदीवाले, मसानींना ती मान्य नाही. मुन्शींनी राज्यघटनेत हिंदीसाठी तडजोड घडवली, तर राजाजी आता हिंदीच्या सक्तीविरुद्ध उभे. शिवाय मुंबईचे बाजारपेठवाले, ओडिशा-राजस्थानातले राजेरजवाडे. रामगडचे राजे बिहारमधले आपले आमदार घेऊन आले आणि पुढे तसेच निघून गेले. व्यक्तीचे स्वातंत्र्य म्हणजे मसानींना नागरिकाचे हक्क, संस्थानिकाला आपले उरलेसुरले वतन. दोघे एकाच कलमाखाली बसले होते. भांडण मिटले नाही, ते कलमाने नुसते झाकले.

तरीही १९६७ ला लोकसभेत ४४ जागा मिळाल्या आणि गुजरात विधानसभेत ६६. नवापूरचे रेल्वे स्टेशन निम्मे महाराष्ट्रात, निम्मे गुजरातेत. त्या रुळापलीकडे पक्ष फोफावला आणि रुळाच्या अलीकडे, महाराष्ट्रात, त्याला जागाच मिळाली नाही, असे का? एक तर इथली काँग्रेसविरोधी मते आधीच भाषेच्या प्रश्नाने उचलली होती. १९५७ ला जनसंघाचे देशभरात चार खासदार निवडून आले, त्यांत धुळ्याचे उत्तमराव पाटील होते. ती लाट संयुक्त महाराष्ट्राची, उजव्या विचाराची नव्हे.

दुसरे कारण मला जास्त खरे वाटते. महाराष्ट्राच्या काँग्रेसने सहकार आणला, पण बांधाच्या आत आणला नाही. विकास सोसायटीचे कर्ज, केळीची फळविक्री, फैजपूरजवळचा मधुकर साखर कारखाना, सगळे सहकारी म्हणून उभे राहिले. सातबारा मात्र ज्याचा त्याचा. हातभर बांधासाठी सख्ख्या भावावर कोर्टात जाणाऱ्या शेतकऱ्याला नागपूर ठरावाची भीती दाखवून उपयोग नव्हता, कारण तो ठराव त्याच्या शेतापर्यंत आलाच नाही.

१९७१ ला स्वतंत्र पक्ष आठ जागांवर आला, १९७४ ला चरणसिंहांच्या भारतीय लोकदलात गेला. मग १९८५ ला पक्षांतरबंदीची बावन्नावी घटनादुरुस्ती झाली. व्हिप मोडला तर सदस्यत्व जाते, तेव्हापासून. १९८९ पासून तर नोंदणीसाठी प्रत्येक पक्षाला समाजवादावर निष्ठा लिहून द्यावी लागते, म्हणजे राजाजींचा पक्ष आज त्याच्या तत्त्वांनिशी नोंदवताच येणार नाही.

एकविसाव्या कलमाची आठवण मला एकदाच झाली. ९ मार्च २०१० ला राज्यसभेत महिला आरक्षण विधेयक १८६ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाले. ते एक मत शरद जोशींचे, ज्यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत बायकांची नावे सातबाऱ्यावर लावली होती. त्यांच्या पक्षाचे नाव स्वतंत्र भारत पक्ष. त्यांना व्हिप काढणारे कुणी नव्हते. सभागृहात त्या पक्षाचे ते एकटेच होते.