लिस्टर ६/१ आणि ८/१: बोअर-स्ट्रोक एकच, मग आरपीएम वेगळे का?

लिस्टर म्हणजे जुनं, संथ चालणारं डिझेल इंजिन. त्यातलं ६/१ म्हणजे सहा हॉर्सपॉवर, एक सिलिंडर, ६५० आरपीएम (मिनिटाला ६५० फेरे). ८/१ म्हणजे आठ हॉर्सपॉवर, ८५० आरपीएम. दोन्हींचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, साडेचार इंच (११४.३ मिमी); स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, साडेपाच (१३९.७ मिमी). त्यामुळे गव्हर्नरची (फेरे ताब्यात ठेवणाऱ्या यंत्रणेची) स्प्रिंग ताणली की सहाचं आठ होतं, असं सर्रास बोललं जातं. हिशेब जुळतोही: ६ × ८५० ÷ ६५० = ७.८. इंजिनही कुरकुर न करता चालतं. घोळ ताकदीचा नाही, चाकाचा (फ्लायव्हीलचा) आहे.

चाक फोडू पाहणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. ६५० चे ८५० केले की १.७१ पट. दोन फुटी चाकाची कड ६५० ला सेकंदाला २१ मीटर धावते, ८५० ला २७. बिडाच्या चाकाला ढोबळ मर्यादा ३० ची धरतात. पट्टा निसटला, गव्हर्नर सुस्त निघाला आणि फेरे दहा टक्के चढले, की ९३५ ला तुम्ही त्या तिसाला टेकलात.

मूळ ८/१ ला म्हणूनच भरीव चाकं दिली. ६/१ च्या आऱ्यांच्या चाकात दोन आऱ्यांमधली कड बाहेर फुगते, आरा तिला आत ओढतो आणि जोडावर वाकवणारा ताण येतो. ओतकामात तिथेच एखादा पोकळ फुगा राहिला असेल तर तो बाहेरून दिसत नाही. पिस्टन बिडाचा असेल तर कनेक्टिंग रॉडच्या बोल्टांनाही तोच १.७१ पट हिसका, तोही एक्झॉस्ट स्ट्रोकच्या टोकाला, जिथे वरून दाब द्यायला गॅस नसतो.

जुन्या लिस्टर-टाइप इंजिनावर पट्टीपेक्षा (मॉडेल आणि आरपीएम लिहिलेल्या नेमप्लेटपेक्षा) चाकावर विश्वास ठेवा. पट्टी दोन रिव्हेटांवर असते. आरे दिसले की ६५०, पट्टी काहीही म्हणो.

इंजिन बंद करून चावीजवळ (चाक शाफ्टवर घट्ट धरणाऱ्या पाचरीजवळ) बघा. तिथे तेलात कालवलेली तांबूस भुकटी दिसली तर चाक शाफ्टवर हलतंय. नवी चावी नीट बसेपर्यंत इंजिन चालू करायचं नाही. आऱ्यांच्या जोडांना रॉकेल लावा, कोरडं पुसा, वर खडू घासा. चीर असेल तर थोड्या वेळाने ओली रेघ उमटते. असं चाक वेल्डिंग करून परत चढवू नये.

पंपाला १५०० फेरे हवे असतील तर स्प्रिंगला हात लावू नका, पुली बदला. इंजिनावर १४ इंची, पंपावर ६ इंची: ६५० वर १५१७, पट्टा थोडा घसरला की १५०० च्या आत-बाहेर. इंजिनावर याहून मोठी पुली मात्र नको. सेंट्रिफ्यूगल पंपाला फेरे दहा टक्के वाढले की ताकद तेहतीस टक्के जास्त लागते. इंजिन काळा धूर ओकू लागेल.

फेरे टॅकोमीटरने मोजा, भार काढून आणि भार लावून, दोन्ही वेळा. मोजताना चाकाच्या रेषेत उभं राहू नका, बाजूला राहा.