रक्ताचा डॉक्टर कॅन्सरचाही कसा? नागपूरच्या पाटीमागची गोष्ट

गडचिरोली-चंद्रपूरहून सिकलसेलचं, म्हणजे लाल पेशी कोयत्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक रक्तविकाराचं, पोर घेऊन आलेले आईवडील नागपूरच्या धंतोलीतल्या किंवा रामदासपेठेतल्या दवाखान्याच्या दारात थबकतात, ते पाटीमुळे. पाटीवर ‘रक्तविकार व कर्करोगतज्ज्ञ’ असं लिहिलेलं असतं. मग काउंटरवर दबक्या आवाजात प्रश्न येतो, “आमच्या पोराले कॅन्सर तं नाही ना जी?” कॅन्सर नसतोच. पण सिकलसेल आणि कॅन्सर एकाच डॉक्टरच्या वाट्याला आले, त्यामागे जवळपास शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि त्याची सुरुवात मुंबईत होते.

लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर 1928 मध्ये मुंबईत आली. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांचं रक्त भयंकर कमी होत होतं आणि लोह देऊनही ते भरत नव्हतं. यीस्टचा स्वस्त अर्क, म्हणजे ‘मार्माइट’, चारल्यावर मात्र त्या सुधारल्या. तिने हे 1931 मध्ये छापलं. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला.

1940 च्या दशकात बोस्टनच्या डॉक्टर सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, झालेल्या मुलांना फॉलिक ॲसिडच्या जातीचं औषध देऊन पाहिलं, तर आजार उलट जोमाने वाढलेला दिसला. म्हणजे या पेशी फॉलिकवर पोसल्या जातात. मग तेच तोडलं तर? फॉलिकचा मार्ग अडवणारी औषधं तयार केली ती येल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या शास्त्रज्ञाच्या चमूने. फार्बर यांनी 1948 मध्ये 16 मुलांचा अहवाल छापला. त्यातल्या 10 मुलांचा आजार काही काळ हटला होता. तोवर कॅन्सरवर इलाज म्हणजे चाकू किंवा शेक, म्हणजे किरणोपचार. गोळी-इंजेक्शनने कॅन्सर मागे हटतो, हे दिसलं ते रक्ताच्या कॅन्सरमध्ये. केमोथेरपी देणारा डॉक्टर घडला तो बराचसा मज्जेवर, म्हणजे हाडांच्या पोकळीतल्या रक्त बनवणाऱ्या गरावर, नजर ठेवता ठेवता.

नागपुरात हे उशिरा रुजलं, आणि ते साहजिकच होतं. इथे कॅन्सर म्हटला की आधी तोंडाचा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून केलेला खर्रा ज्या शहरात चौकाचौकात मिळतो, तिथे आधी गरज पडते सर्जनची आणि शेकाच्या यंत्राची. तुकडोजी महाराजांच्या नावाचं प्रादेशिक कॅन्सर रुग्णालय उभं राहिल्यावर ती सोय शहरातच झाली. रक्ताचा कॅन्सर निघाला की मात्र 1941 पासून चालू असलेलं मुंबईत परळचं टाटा रुग्णालय गाठायचं. विदर्भ नाहीतर सेवाग्राम एक्स्प्रेसने रात्रभराचा प्रवास, आणि तिथे राहायचं कुठे हा प्रश्न वेगळाच. भारतातलं पहिलं मज्जारोपणही 1983 मध्ये टाटातच झालं.

नागपूरच्या वाट्याला मात्र रक्ताचा एक आजार आधीपासून आला होता. भारतात सिकलसेलची पहिली नोंद 1952 मधली, निलगिरीतली. लगेच 1958 मध्ये शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांवर, म्हणजे एकच दोषी जनुक असलेल्या माणसांवर, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात टिपण छापलं. ते काम नागपूरच्या मेडिकल कॉलेजातलं. कॉलेज सुरू होऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. गोंड, माडिया, परधान या आदिवासी जमातींत हा दोष होता, तसाच महार, तेली, कुणबी समाजांतही होता. मलेरियाच्या पट्ट्यात एकच दोषी जनुक असणारा माणूस तगून राहतो, म्हणून हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला. दोन्ही पालकांकडून आला की आजार. जरीपटक्यातल्या सिंधी कुटुंबांनी फाळणीनंतर थॅलेसेमियाची, म्हणजे हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराची, भर घातली. ही दोन्ही ओझी एकाच लेकरात एकत्र येऊ शकतात.

आता सिकलसेलच्या रुग्णाच्या पिशवीत डोकावून पाहा. पहिली गोळी फॉलिक ॲसिडची, विल्सबाईंची. साधी लाल पेशी 120 दिवस जगते, सिकलची जेमतेम 10 ते 20. मज्जा सतत नव्या पेशी काढत राहते आणि त्यात फॉलिक संपतं, म्हणून ती गोळी रोज. दुसरी हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल, आणि ती मूळची कॅन्सर वॉर्डातली. 1960 च्या दशकापासून ती ‘सीएमएल’ या ल्युकेमियासाठी वापरत. बाळाच्या रक्तातलं फीटल हिमोग्लोबिन ती मोठेपणीही वाढवते, आणि ते जास्त असेल तिथे पेशी कोयत्यासारख्या वाकत नाहीत. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने 1995 मध्ये दाखवलं की दुखण्याचे झटके तिने जवळपास निम्मे होतात. नागपूरच्या मेडिकलमध्ये मुलांवर कमी, ठराविक डोस वापरून पाहिला गेला आणि त्याचाही गुण आला. मात्र ही गोळी मज्जा दाबते. पांढऱ्या पेशी घसरल्या की थांबवायची, पुन्हा सुरू करायची, दर काही आठवड्यांनी सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजण्याची तपासणी, करायची. हा हिशेब केमोथेरपी देणाऱ्याच्या रोजच्या हातातला. पाटीवरची जोडी अशी जमली.

ल्युकेमियाच्या बाजूनेही एक गोळी आली. 2001 मध्ये मंजूर झालेल्या इमॅटिनिबने सीएमएल हा बराचसा रोजच्या गोळीवर सांभाळायचा आजार केला. मूळ कंपनीची, नोव्हार्टिसची, महिन्याची किंमत तेव्हा लाखाच्या वर होती. 1 एप्रिल 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला आणि स्वस्त भारतीय गोळीचा रस्ता मोकळा राहिला. माझ्या मते विदर्भातल्या रुग्णांना त्या निकालाने दिलं तेवढं एखाद्या नव्या इमारतीने दिलेलं नाही.

इमारतीही झाल्या. जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आली, मिहानमध्ये एम्स आलं. सिकलसेलसाठी राज्याचा कार्यक्रम 2008 पासून आहे. त्यात रुग्णाला लाल कार्ड, वाहकाला पिवळं. लग्न जुळवताना पिवळं कार्ड दडवणारी घरं आजही आहेत. 2016 च्या कायद्याने सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया अपंगत्वाच्या यादीत आले. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालेल्या सिकलसेलच्या राष्ट्रीय मोहिमेचं लक्ष्य 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन हे आहे. तपासणी गावपातळीवरचा कर्मचारी करेल. लाल कार्डवाल्याला हायड्रॉक्सियुरिया सुरू केली की त्याची सीबीसी वाचून डोस कमी-जास्त करणारा माणूस मात्र तालुक्याच्या रुग्णालयातच हवा, नाहीतर गडचिरोलीतल्या धानोरा, भामरागडच्या आईबापांना दरवेळी नागपूरच गाठावं लागणार.