वंध्यत्वाच्या तपासण्यांचं बिल आणि मेडिक्लेम: नाशिककरांसाठी माहिती

मूल होत नाही म्हणून डॉक्टरकडे गेलेल्या जोडप्याच्या हातात पहिल्या-दुसऱ्या भेटीतच लांबलचक चिठ्ठी पडते. एएमएच, एफएसएच, एलएच, प्रोलॅक्टिन, टीएसएच या हार्मोनच्या रक्ततपासण्या, शिवाय नवऱ्याची वीर्य तपासणी. सिन्नर-दिंडोरीहून कॉलेज रोडला आलेली मंडळी काही हजार रुपये भरतात आणि मग विचारतात, यातलं मेडिक्लेममधून काही परत मिळेल का? हे विचारायची वेळ तपासणीच्या आधीची आहे, कारण क्लेम टिकतो तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि लॅबच्या बिलावर.

आधी पात्रता बघू. पॉलिसीतल्या अपवादांच्या यादीत 'एक्सक्ल १७' शोधा. विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखा ठरवून दिलेला हा मजकूर आहे. वंध्यत्वावरचा खर्च, आययूआय, आयव्हीएफ, इक्सी हे कृत्रिम गर्भधारणेचे उपचार, सरोगसी, नसबंदी आणि ती उलटवणं हे सगळं त्यात येतं. तो लागू असेल आणि वेगळं कव्हर घेतलेलं नसेल, तर या खर्चाचा क्लेम मंजूर होत नाही. दुसरी अडचण अशी, की साधी पॉलिसी दाखल झाल्यावरच खर्च देते. नुसत्या रक्ततपासणीसाठी ओपीडी कव्हर, म्हणजे दाखल न होता झालेल्या खर्चाचं कव्हर लागतं. सातपूर-अंबडच्या कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसीत काही वेळा हे अपवाद सैल केलेले असतात, म्हणून एचआरकडून पॉलिसीची प्रत मागून घ्या, तोंडी उत्तरावर थांबू नका. मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असलेल्या ईएसआयच्या (कामगार राज्य विमा योजनेच्या) कामगारांनी सुरुवात सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयातूनच करावी. तिथल्या रेफरलशिवाय बाहेर केलेल्या तपासणीचे पैसे मिळतील असं धरून चालू नये. महात्मा फुले जनआरोग्य योजना रुग्णालयातल्या ठरावीक उपचारांच्या पॅकेजवर चालते, लॅबची सुटी बिलं तिथे लागत नाहीत.

आता कोडकडे वळू, कारण खरी गाडी इथेच अडते. निदानाला आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला कोड दिला जातो. स्त्री वंध्यत्व एन ९७, गर्भनलिकेच्या दोषामुळे असेल तर एन ९७.१, पुरुष वंध्यत्व एन ४६, अपत्यप्राप्तीसंबंधीची तपासणी झेड ३१.४. यातला एखादा कोड कागदावर दिसला की क्लेम तपासणारा थेट 'एक्सक्ल १७'कडे बोट दाखवतो. पण पीसीओएस (बीजकोशाचा हार्मोनसंबंधी आजार) हा ई २८.२, वाढलेलं प्रोलॅक्टिन ई २२.१, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं) एन ८०. हे स्वतंत्र आजार आहेत आणि मुलाचा विषय नसतानाही त्यांची तपासणी करावीच लागते. पाळी चार-चार महिने येत नसेल आणि त्यासाठी डॉक्टरांनी प्रोलॅक्टिन, टीएसएच लिहिलं असेल, तर केस पेपरवर ते कारण स्पष्ट लिहून द्यायची विनंती जरूर करा. नसलेला आजार मात्र कधीही लिहून घेऊ नका. तो खोटा क्लेम ठरतो, पॉलिसी रद्द होऊ शकते, आणि पुढच्या मोठ्या आजारपणात सगळं कुटुंब उघड्यावर पडतं.

बिल हातात आलं की काउंटरवरच वाचा. 'फर्टिलिटी प्रोफाइल – १' एवढीच ओळ असेल तर ते परत द्या. प्रत्येक तपासणीचं नाव आणि रक्कम वेगळी हवी, म्हणजे एक तपासणी नाकारली तरी बाकीच्या वाचतात. नवरा-बायकोचं बिल एकत्र नको. वीर्य तपासणी नवऱ्याच्या नावावर, आणि तो पॉलिसीत असेल तरच तिचा विचार होतो. आपल्याकडे हमखास होणारा घोळ नावाचा: पॉलिसीत सासरचं नाव, आधारवर माहेरचं, रिपोर्टवर नुसतं पहिलं नाव. सगळीकडे एकच नाव लावून घ्या. रिपोर्टवर पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांचं नाव, सही आणि नोंदणी क्रमांक हवा. नुसत्या तंत्रज्ञाच्या सहीवर समाधान मानू नका. नमुना नाशिकला घेऊन मुंबईच्या लॅबला पाठवला असेल तर बिल आणि रिपोर्टवरची लॅबची नावं वेगळी दिसतात, तेव्हा संकलन केंद्राचा शिक्का आणि एकच नमुना क्रमांक दोन्हींवर आहे ना ते पाहा. निदान तपासण्यांना जीएसटी माफ आहे. बिलात तो लावला असेल तर जागीच दुरुस्त करून घ्या.

अर्जासोबत क्लेम फॉर्म, तारखेसह डॉक्टरांची चिठ्ठी, केस पेपर, मूळ बिलं आणि पैसे भरल्याच्या पावत्या, रिपोर्ट, केवायसीचे कागद आणि रद्द केलेला चेक जोडा. चिठ्ठीची तारीख तपासणीच्या आधीची हवी. अर्ज करायची मुदत पॉलिसीत लिहिलेली असते. कागद टीपीएकडे (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडे) देण्याआधी झेरॉक्स काढून ठेवा आणि पोच घ्या.

क्लेम नाकारला तर कोणत्या कलमाखाली नाकारला ते लेखी मागा आणि आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या विमा लोकपालांकडे जा; नाशिककरांसाठी त्यांचं कार्यालय पुण्याला आहे. कंपनीचा नकार आल्यापासून वर्षाच्या आत तिथे तक्रार करता येते. त्यासाठी फी लागत नाही, आणि वकीलही करावा लागत नाही.