जड माल जागचा हलत नाही, या समजाचा इतिहास

मालधक्क्यावर एक वाक्य आजही कानावर पडतं: "एवढा जड माल आहे, जातोय कुठं?" पंचवीस टनांची पोलादी कॉइल, म्हणजे पत्र्याचं गुंडाळलेलं भेंडोळं, क्रेननं ट्रेलरवर टेकली की हे वाक्य पटतंसुद्धा. माणसांनी ढकलून ती तसूभर हलणार नाही. मग दोन साखळ्या टाकल्या की काम झालं, असं वाटतं. उघड्या ट्रेलरवर अवजड माल कसा बांधायचा, याचे जे नियम आज अनेक देशांत आहेत ते हाच समज खोडण्यासाठी लिहिले गेले. ते लिहायला लोकांना फार उशीर लागला.

बैलगाडीच्या काळात हा प्रश्न एवढा टोकदार नव्हता. कडबा, ऊस, लाकूड गाडीवर रचायचं, कडेला खुंट रोवायचे, वरून चऱ्हाट आवळायचं. गाडी चालायची माणसाच्या चालीनं. खड्ड्यात चाक गेलं तर माल कलंडू नये, एवढंच दोराचं काम. करकचून ब्रेक मारणं ही गोष्टच नव्हती. वेग दुप्पट झाला की चालत्या मालात साठलेली ऊर्जा चौपट होते. बैलगाडीचा वेग आणि महामार्गावरच्या ट्रकचा वेग यांत तर पंधरा-वीस पटींचा फरक आहे. माल बांधायची रीत मात्र बरीचशी जुनीच राहिली.

मोटारीमागे जोडायच्या ट्रेलरची गोष्ट साधारण १९१४ पासून सांगतात. डेट्रॉइटमधल्या ऑगस्ट फ्रुहॉफ या लोहारानं एका लाकूड व्यापाऱ्याची होडी वाहून न्यायला फोर्डच्या मॉडेल टी गाडीमागे जोडायचा ट्रेलर बनवून दिला. तो इतका सोयीचा ठरला की त्या व्यापाऱ्यानं लाकूड वाहण्यासाठी आणखी ट्रेलर मागितले. सपाट, चारही बाजूंनी उघडा ट्रेलर क्रेनला सोयीचा, लांब मालाला सोयीचा. पण त्यात एक गोष्ट हरवली ती म्हणजे फाळका, म्हणजे हौद्याची कडेची भिंत. आपल्याकडे जमशेदपूरला १९५४ मध्ये टाटा आणि डाइमलर-बेंझ यांच्या सहकार्यानं ट्रक बनू लागले. त्यांच्यावर बांधलेल्या हौद्याला उंच फाळके असत. गोण्या, पेट्या, खोकी भरली, ताडपत्री ओढली, दोर आवळला की माल फाळक्यांच्या आधारानं टिकायचा. मालाला खरं तर हौदाच धरून ठेवत होता, दोर फक्त मदतीला होता. पोलादाच्या प्लेटा, कॉइल, यंत्रं, ट्रान्सफॉर्मर उघड्या ट्रेलरवर चढले तेव्हा तो हौदा उरला नाही, पण हात जुन्याच सवयीनं बांधत राहिले.

आता त्या वाक्याकडे परत येऊ. जड वस्तू घर्षणामुळे जागेवर राहते, हे खरंच आहे. लाकडी फळ्यांवर पोलाद ठेवलं तर घर्षण वजनाच्या साधारण तीन दशांश धरायला हरकत नाही. तेल किंवा पाणी असेल तर त्याहून बरंच कमी. पण ब्रेक मारल्यावर मालाला पुढे नेणारा जोरही वजनाच्याच प्रमाणात वाढतो. म्हणजे वजन दोन्ही बाजूंनी सारखंच मोजलं जातं आणि हिशेबातून निघून जातं. दोन टनांचा माल ज्या ब्रेकला सरकेल, त्याच ब्रेकला पंचवीस टनांचाही सरकेल. फरक इतकाच की पंचवीस टन सरकले तर त्यांना केबिन अडवू शकत नाही.

जोराच्या ब्रेकमध्ये मालाच्या वजनाच्या आठ दशांश जोर पुढच्या दिशेनं धरावा, असं आता अमेरिका आणि युरोप दोन्हीकडे मानलं जातं. पंचवीस टनांच्या कॉइलला हा जोर वीस टनांचा झाला. घर्षणानं साडेसात टन सांभाळले, साडेबारा उरले. आता वरून टाकलेला पट्टा काय करतो ते पाहा. हातानं आवळलेल्या रॅचेट पट्ट्यात, म्हणजे दातेरी खटक्यानं घट्ट करायच्या पट्ट्यात, चारशे किलोचा ताण आला असं धरू. तो दोन्ही बाजूंनी मिळून फार तर आठशे किलोनं माल खाली दाबतो, आणि त्यातून सुमारे अडीचशे किलोचं जादा घर्षण मिळतं. साडेबारा टनांसाठी असे पन्नासेक पट्टे लागतील! पट्टा उभा न राहता तिरका आला, ट्रेलरच्या पाट्याशी तीस अंशांचा कोन झाला, तर दाब निम्मा होतो. म्हणून जड माल नुसता वरून दाबून चालत नाही. त्याच्यापुढे भक्कम अडथळा लागतो, पाचर लागते, घर्षण वाढवणारं रबरी मॅट लागतं, आणि साखळी मालाला थेट मागे खेचेल अशी टाकावी लागते. हा साधा गुणाकार मला या सगळ्या विषयाचा गाभा वाटतो, आणि तो गाडी भरणाऱ्याला कुणी कागदावर करून दाखवत नाही याचं वाईट वाटतं.

साधनं मात्र नियमांच्या आधीच सुधारत गेली होती. ब्रिटनमध्ये १९४१ मध्ये पॉलिएस्टरचा धागा तयार झाला आणि पुढे त्याच्या विणलेल्या पट्ट्यांनी तागाच्या, काथ्याच्या दोरांची जागा घेतली. पॉलिएस्टर नायलॉनपेक्षा कमी ताणलं जातं, म्हणून ते मालाला जास्त घट्ट धरतं. सर्वांत सुंदर उत्तर कंटेनरनं दिलं. एप्रिल १९५६ मध्ये माल्कम मॅकलीन या ट्रकवाल्यानं नेवार्कहून ह्यूस्टनला जहाजावर कंटेनर पाठवले. कीथ टँटलिंगर या अभियंत्यानं कंटेनरसाठी ओतीव पोलादी कोपरे आणि फिरवून बसणारं कुलूप, म्हणजे ट्विस्ट लॉक, घडवलं. चार कोपरे, चार कुलपं, गाठीचा प्रश्नच नाही. अर्थात चारही कुलपं फिरवली असतील तरच.

नियमांना खरा धक्का दिला कॉइलनंच. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात १९९० ते १९९३ या काळात ट्रकवरचा माल सुटून अनेक अपघात झाले. १९९३ मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीनं याची सुनावणी घेतली, आणि तेव्हाचे नियम पुरेसे आहेत का, असा प्रश्न उभा राहिला. उत्तर शोधायचं काम मुख्यतः कॅनडात झालं. ओंटारियोच्या वाहतूक खात्यानं पुढाकार घेऊन साखळ्या, पट्टे, लाकडी ठोकळे, कॉइल, ओंडके, काँक्रीटचे पाइप यांच्या प्रत्यक्ष चाचण्या घेतल्या. त्यातून दोन्ही देशांसाठी एक नमुना तयार झाला. अमेरिकेनं सप्टेंबर २००२ मध्ये त्यावर आधारलेले नियम जाहीर केले आणि १ जानेवारी २००४ पासून ते पाळणं सक्तीचं केलं. पुढच्या दिशेला वजनाच्या आठ दशांश, मागे आणि बाजूंना वजनाच्या निम्मा जोर माल बांधणीनं सोसला पाहिजे. सगळ्या बंधनांची मिळून सुरक्षित क्षमता मालाच्या वजनाच्या किमान निम्मी हवी. कॉइल, ओंडके, कागदाचे रोल, मोठे दगड यांना वेगवेगळी कलमं. युरोपात बांधणीच्या हिशेबाचं मानक आहे, आणि २०१४ च्या निर्देशानं रस्त्यावरच्या तपासणीत माल बांधणीही आली.

आपल्याकडे कायद्याचं लक्ष मुख्यतः वजन आणि आकारमानावर राहिलं. ट्रकच्या मागे मीटरभर सळया बाहेर काढून लाल फडकं बांधायची मुभा होती. रात्री मागून येणाऱ्या कितीतरी जणांनी तिची किंमत मोजल्यावर, २०१४ मध्ये ती काढून घेतली गेली. २०१८ मध्ये आसांवरचं परवानगीचं वजन वाढवलं गेलं. २०१९ च्या दुरुस्तीनं बाहेर आलेल्या मालासाठी वीस हजारांचा दंड आणला. हे सगळं आवश्यकच होतं. पण वजनकाटा गाडी किती टनांची आहे ते सांगतो. साखळी किती टन सोसेल, ते सांगत नाही.

आपल्या लोकांना हे जमत नाही, असं अजिबात नाही. सुमारे सत्तर टनांचा ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाब आणि उष्णता देणारी बंद भट्टी, महाराष्ट्रातून तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राकडे निघाला तो २०१९ च्या जुलैत, आणि पोचला २०२० च्या जुलैत. चौऱ्याहत्तर चाकांच्या गाडीवरून तो वर्षभर रस्त्यावर होता आणि नीट पोचला. तिथे प्रत्येक साखळीचा हिशेब होता, कारण माल एकमेव होता. कळंबोलीच्या पोलाद बाजारातून निघणारी कॉइल एकमेव नसते. ती रोज निघते.

अमेरिकी नियमात एक छोटं कलम आहे, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. निघाल्यावर पहिल्या पन्नास मैलांच्या आत, म्हणजे ऐंशी किलोमीटरच्या आत, थांबून बांधणी पुन्हा तपासायची. माल बसतो, लाकडी ठोकळे दबतात, पट्टा थोडा ताणला जातो, आणि धक्क्यावर घट्ट असलेलं बंधन वाटेत सैल होतं. चाकणहून मुंबईकडे निघालेल्या ट्रेलरला ऐंशी किलोमीटर पुरे व्हायच्या आतच बोरघाटाचा उतार लागतो. तिथे तपासणी लोणावळ्यालाच व्हायला हवी, उतार सुरू होण्याआधी: क्लीनरनं उतरून गाडीभोवती एक फेरी मारायची, प्रत्येक साखळी हातानं हलवून पाहायची, रॅचेटला आणखी दोन दात द्यायचे, कॉइलच्या धारेवर पट्टा कापला जातोय का ते बघायचं. दहा मिनिटांचं काम आहे.