मनगटातली नाडी आणि काखेतला चेंडू

लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालयाच्या गच्चीच्या कठड्यावर गुप्तहेर शेरलॉक होम्स उभा आहे, खाली रस्त्यावर डॉक्टर जॉन वॉटसन फोन कानाला लावून त्याच्याकडे पाहत आहे आणि ‘आहेस तिथेच थांब’ असे शेरलॉक त्याला पुन्हा पुन्हा बजावत आहे. मग शेरलॉक उडी मारतो. वॉटसन धावत सुटतो, वाटेत एका सायकलस्वाराच्या धडकेने आडवा होतो, धडपडत उठून फरसबंदीवर रक्तात पडलेल्या मित्रापर्यंत पोचतो आणि त्याचे मनगट हातात धरतो. नाडी लागत नाही. भागाच्या शेवटी मात्र हाच मित्र दफनभूमीत, स्वतःच्या थडग्यापासून थोड्या अंतरावर, जिवंत उभा दिसतो. बीबीसीच्या ‘शेरलॉक’ मालिकेचा हा भाग १५ जानेवारी २०१२ रोजी दाखवला गेला आणि पुढचा भाग यायला १ जानेवारी २०१४ हा दिवस उजाडला. मधली जवळजवळ दोन वर्षे चाहत्यांनी या मोजक्या मिनिटांचा कीस पाडला.

सर्वाधिक वाद उडीवर झाला. विज्ञानाच्या दृष्टीने पाहिले तर उडी हाच या प्रकरणातला सर्वांत सोपा भाग आहे. गच्चीची उंची हिशेबापुरती २० मीटर धरू. हवेचा अल्पसा विरोध सोडून दिला तर एवढे अंतर पडायला दोन सेकंद लागतात आणि जमिनीशी पोचताना वेग ताशी सुमारे ७१ किलोमीटर होतो. पुढे काय होणार, हे मात्र या वेगाइतकेच तो वेग शून्यावर यायला किती अंतर मिळाले यावर ठरते. त्याचे गणित तोंडी करता येते: पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर. फरसबंदीवर शरीर जेमतेम १० सेंटिमीटर दबून थांबले, तर २० मीटरला ०.१ मीटरने भागून उत्तर २०० येते, म्हणजे शरीराला गुरुत्व त्वरणाच्या सरासरी २०० पट मंदन (वेग घटण्याचा दर) सोसावे लागते आणि त्यातून वाचण्याची आशा जवळजवळ उरत नाही. तेच शरीर हवेच्या गादीत दोन मीटर खोल रुतत थांबले तर उत्तर १० येते. पाठीवर पडून भार सर्वांगावर पसरू देणाऱ्या सरावाच्या स्टंटमनला हा आघात क्षणभर सोसवतो. दहीहंडीच्या वरच्या थरावरून घसरलेला गोविंदा खालच्यांनी उंचावलेल्या हातांवर झेलला जातो, तेव्हाही थांबण्याचे अंतरच वाढवलेले असते.

२०१४ च्या भागात तीन खुलासे दाखवले आहेत. त्यांपैकी पहिले दोन उघडच थट्टेचे आहेत. तिसऱ्यात हवेची भली मोठी गादी आहे, शेरलॉकसारखा दिसणारा मृतदेह आहे आणि दृश्य अडवणारी बैठी इमारत आहे. हा खुलासा ज्या अँडरसनला ऐकवला जातो, तो स्वतःच ‘शेरलॉक जिवंत आहे’ असे मानणाऱ्या मंडळाचा म्होरक्या असतो, आणि त्यालाही तो पुरता पटत नाही. लेखकांनी चाहत्यांच्या शंकेखोरपणालाच कथेत पात्र करून बसवले, ही त्यांची हुशारी म्हणायची की पळवाट, यावरही मग वेगळा वाद रंगला.

मला खरी मेख वाटते ती मनगटात. उडीच्या आधी प्रयोगशाळेत शेरलॉक एक रबरी चेंडू आपटत बसलेला दिसतो. चाणाक्ष चाहत्यांनी तो तेव्हाच हेरला आणि ‘चेंडू काखेत दाबून नाडी थांबवली’ असा तर्क मांडला. पुढे मालिकेनेही तेच उत्तर दिले. ही जादूगारांची जुनी युक्ती आहे आणि तिच्यामागचे शरीरशास्त्र पक्के आहे. काखेतून जाणारी मोठी धमनी दंडात उतरते आणि कोपराशी तिचे दोन फाटे होतात. त्यांपैकी अंगठ्याच्या बाजूचा फाटा मनगटाशी हाडावरून जातो, म्हणून तिथे नाडी बोटाला लागते. वरची धमनी दंडाच्या हाडावर दाबली गेली की खालची नाडी मंदावते आणि पुरेसा दाब पडला तर नाहीशी होते. रक्तदाब मोजताना हे आपण सगळ्यांनीच अनुभवलेले असते: डॉक्टर एका हाताने दंडाभोवतीच्या पट्ट्यात हवा भरत जातात, दुसऱ्या हाताची बोटे आपल्या मनगटावर ठेवतात आणि पाऱ्याच्या १२०-१३० मिलिमीटरच्या आसपास ते ठोके लागेनासे होतात. त्या क्षणी हृदय ठणठणीत चालू असते. शस्त्रक्रियेत तर पट्टा आवळून हाताचा रक्तप्रवाह तासाभराहून अधिक काळही थांबवून ठेवतात.

तरीही चाहत्यांचे दोन आक्षेप मला बिनतोड वाटतात. पहिला असा, की पट्टा आपोआप आवळलेला राहतो, पण चेंडू दाबून धरायला छातीचे आणि पाठीचे स्नायू ताणून दंड बरगड्यांशी घट्ट धरावा लागतो. मृताचा हात लुळा असतो. ते मनगट उचलणाऱ्या अनुभवी डॉक्टरला खांद्यातला हा ताण जाणवायला हवा. दुसरा आक्षेप त्याहून भारी आहे. प्रौढ माणूस निपचित पडलेला असेल तर नाडी मानेत पाहायची, असे प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना शिकवतात, कारण रक्तदाब खूप घसरला की मनगटातले ठोके आधी हरवतात आणि मानेतले बऱ्याच उशिरापर्यंत लागतात. काखेतल्या चेंडूने मानेतली धमनी थांबत नाही. वॉटसनची बोटे मनगटावरून मानेपर्यंत गेली असती तर सगळा बनाव तिथेच उघडा पडला असता. अर्थात भोवतालची माणसे त्याला मागे खेचत होती आणि तो नुकताच डोक्यावर आपटला होता, हेही खरे.

शेवटची ही सबब वाटते तितकी लंगडी नाही. डॅनिएल लेविन आणि डॅनिएल सायमन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये एक छोटी चित्रफीत लोकांना दाखवली. दोन स्त्रियांच्या साध्या संभाषणात त्यांनी कॅमेऱ्याचा कोन बदलताना मुद्दाम नऊ चुका पेरल्या होत्या. एकीच्या गळ्यातला स्कार्फ मध्येच नाहीसा होतो, टेबलावरच्या थाळ्यांचा रंग बदलतो, असा तो प्रकार होता. दहा प्रेक्षकांपैकी एकालाच काहीतरी बदलल्यासारखे वाटले. पुढच्या वर्षी त्यांनी रस्त्यावर प्रयोग केला. पत्ता विचारणारा अनोळखी माणूस आणि पत्ता सांगणारा वाटसरू यांच्यामधून दोघे जण एक दरवाजा आडवा नेत, आणि तेवढ्यात विचारणारा माणूसच बदलला जाई. सुमारे निम्म्या वाटसरूंना त्याचा पत्ताही लागला नाही. मेंदू दृश्याचा छायाचित्रासारखा साठा करत नाही, कामापुरता अर्थ उचलतो आणि बाकीचे तसेच असेल असे धरून चालतो. धडक खाऊन उठलेल्या वॉटसनने अगोदर दुरून ओझरता पाहिलेला तो सारखा दिसणारा मृतदेह आणि आता समोर पडलेला शेरलॉक एकच मानला, यात मला नवल वाटत नाही. चाहत्याचे तसे नसते. त्याच्याकडे दृश्य थांबवण्याची सोय असते, हजारो जोडीदार असतात आणि कुणाचाही जीव टांगणीला लागलेला नसतो.

आर्थर कॉनन डॉयल यांच्या मूळ होम्सकथांच्या बाबतीत चाहत्यांचा हा उद्योग शंभर वर्षांहून जुना आहे. इंग्रज लेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९११ मध्ये ऑक्सफर्डला वाचलेल्या निबंधात धर्मग्रंथांची चिकित्सा करावी तशी या कथांतल्या विसंगतींची चिकित्सा केली होती. या कथांतली एक गाजलेली विसंगती वॉटसनच्या जखमेची आहे. १८८७ च्या पहिल्या कादंबरीत मुंबई बंदरात उतरून अफगाणिस्तानात गेलेल्या या लष्करी डॉक्टरला मैवंदच्या लढाईत खांद्यात गोळी लागते, तर १८९० च्या दुसऱ्या कादंबरीत तीच जखम पायात गेलेली असते. बीबीसीच्या मालिकेने २०१० मध्ये त्यावर तोडगा काढला: जखम खांद्यालाच, पण लंगडणे मानसिक.

खांद्याच्या त्या गोळीबद्दल मूळ कादंबरीत आणखी एक बारकावा आहे. तिने हाड तर मोडलेच, शिवाय गळपट्टीच्या हाडाखालून जाणाऱ्या धमनीलाही ती घासून गेली. पहिल्या बरगडीच्या पुढे काखेत शिरली की हीच धमनी नाव बदलते आणि शेरलॉकने चेंडूखाली दाबली ती नेमकी हीच. अशी जखम झालेल्या सैनिकाच्या दोन्ही मनगटांतली नाडी ताडून पाहतात, कारण जखमेच्या बाजूला ती क्षीण लागू शकते. म्हणजे वर धमनी दुखावली की खाली मनगट गप्प होते आणि माणूस मात्र जिवंत असतो, हे कथेतल्या ज्या एका माणसाला स्वतःच्या अंगावरून माहीत असायला हवे होते, त्याच्याच बोटांखाली शेरलॉकचे मनगट होते.